राणीचं तोंड नंतर, आधी कड बघा!

दिवाळीला चार दिवस उरले की पांढुर्णा-सौंसरकडच्या कितीतरी घरांत लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवलेल्या एका फडक्याची गाठ सुटते. आत चांदीचे रुपये. कुठे पाच, कुठे अकरा, कुठे एखादाच. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं आणि भाऊबीज झाली की पुन्हा फडक्यात बांधायचे. नाण्यावर कोण आहे असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘राणी!’ दाढीवाला सातवा एडवर्ड असला तरी घरात तो राणीछापच.

यंदा राणीचं तोंड जरा बाजूला ठेवा आणि आधी नाण्याची कड बघा. रुपया चिमटीत धरा आणि कडेवरून नख फिरवा. एकसारखे बारीक कंगोरे लागले, तर तो यंत्रातून निघालाय. कड गुळगुळीत, कुठे जाड, कुठे पातळ, गोलाई चुकलेली असेल, तर तो कुणीतरी हातोड्याचा घाव घालून घडवलाय. जुन्या इंग्रजी नाण्यांचे संग्राहकही आपला छंद याच दोन कप्प्यांत मांडतात. एका कप्प्यात हातोड्याची नाणी, दुसऱ्यात यंत्राची. त्यांच्याकडे दोन कप्प्यांमधली भिंत १६६२ साली उभी राहिली. आपल्याकडे ती उभी राहायला १८३५ उजाडलं, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचा माल पांढुर्णा-सौंसरच्या पेट्यांत अजून एकत्र नांदतोय.

सराफाच्या काट्यावर

मागच्या दिवाळीआधी सौंसरला एका सराफाच्या पेढीवर बसलो होतो. खेड्यातून एक आजीबाई आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी रुपयांची माळ काढली. काळा गोफ, बारा रुपये, प्रत्येकाला वर डाग देऊन बसवलेली कडी. नातीला तोरड्या करायच्या होत्या.

“भाऊ, ह्यातला एक खोटा असंन. बाकीचेच तोला,” त्या म्हणाल्या.

खोटा म्हणजे कुठला, ते दिसतच होतं. अकरा रुपये गोल, पातळ, रुंद. बारावा आकारानं लहान पण चांगलाच जाड, एका बाजूला चपटा झालेला, त्यावर ना राजा ना राणी. नुसती फारसी अक्षरं, तीही अर्धीमुर्धी. एका अक्षराचे तीन दाते स्पष्ट दिसत होते आणि पुढचं अक्षर नाण्याच्या बाहेरच गेलेलं. मधोमध दोन बारीक टोचे, कुण्या जुन्या सराफानं चांदी तपासताना मारलेले.

सराफानं तो तळहातावर उलटासुलटा केला. “माय, खोटा नाही हा. हाच तर सगळ्यात जुना हाय. हे बाकीचे कलदार, हा कलदाराच्या आधीचा.”

‘कलदार’ या एका शब्दात सगळा इतिहास आहे. कळ म्हणजे यंत्र. यंत्रातून निघालेला तो कलदार. इंग्रजांचा यंत्राचा रुपया हातात पडला तेव्हा लोकांनी त्याला राजाचं नाव दिलं नाही, ईस्ट इंडिया कंपनीचं दिलं नाही, तो कसा बनलाय ते बघून नाव दिलं. लंडनचा संग्राहक जो फरक पहिल्या दिवशी शिकतो, तो आपल्या आजीला शब्दासकट पाठ असायचा.

ऐरण, ठसा आणि एक घाव

हातोड्याचं नाणं घडायचं कसं? चांदी वितळवून, तिचे वजनाप्रमाणे तुकडे पाडून चकत्या ठोकायच्या. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला. त्यावर चकती, चकतीवर वरचा ठसा धरायचा आणि घण मारायचा. झालं नाणं! इंग्लंडमध्ये कित्येक शतकं हेच चाललं आणि आपल्या टाकसाळींतही हेच.

आता एक गंमत. आपल्याकडचा ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे बादशहाचं पूर्ण नाव, साल आणि टाकसाळीचं गाव एकाच नाण्यावर क्वचितच सापडतं. एका रुपयावर नावाची सुरुवात, दुसऱ्यावर शेवट. संग्राहक चार-पाच नाणी शेजारी ठेवून एक ओळ जुळवतो, आणि ती जुळली की त्याला जेवण सुचत नाही. आजीबाईंच्या त्या बाराव्या रुपयावर टाकसाळीची खूण पूर्ण उमटली असती, तर तो नागपूरचा की दुसऱ्या कुठल्या टाकसाळीचा, हे तिथंच सांगता आलं असतं.

नागपूरकर भोसले मराठे, मग नाण्यावर फारसी का? कारण त्या काळी बाजारात दिल्लीच्या बादशहाचं नाव चालायचं. राज्य कुणाचंही असो, रुपया बादशहाच्या नावाचा पाडायचा आणि आपली एखादी खूण कोपऱ्यात घालायची, ही मराठी टाकसाळींची सर्रास रीत. त्या खुणा ओळखणं हाच संग्राहकाचा खरा अभ्यास. १७५१ ते १८०३ पर्यंत ओडिशा भोसल्यांकडे होता, म्हणून त्यांचे रुपये कटकच्या टाकसाळीतूनही पडले. एकाच घराण्याची नाणी नागपुरात आणि पार समुद्राजवळच्या कटकातही! शिवाजी महाराजांनी मात्र होनावर आणि शिवराईवर देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ कोरलं. या पार्श्वभूमीवर ते किती मोठं धाडस होतं, हे नाणी हाताळली की कळतं.

रुपयाचं वजन शेरशाह सुरीनं सोळाव्या शतकात बसवलं, साधारण साडेअकरा ग्रॅम. पण टाकसाळ बदलली की कस बदलायचा. शिवाय झीज असायचीच. म्हणून नाणं जुनं झालं की सराफ त्याची किंमत कमी धरायचे. हा कापलेला पैसा म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो तोही हाच.

कड कापणारे आणि फासावर गेलेले

हातोड्याच्या नाण्याचा मोठा रोग एकच: कड नीट नसते, त्यामुळे कुणी कातरली तर कळत नाही. शंभर नाण्यांच्या कडा चिमूटभर कातरल्या की मूठभर चांदी जमते, आणि नाणी पुन्हा बाजारात पूर्ण किमतीला जातात. इंग्लंडमध्ये या कातरणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. तिसऱ्या हेन्रीच्या काळात, १२४७ साली, पेनीच्या मागचा क्रूस थेट कडेपर्यंत ताणला. क्रूसाची टोकं दिसली नाहीत, तर नाणं कातरलेलं समजायचं.

त्या क्रूसाचा पूर्वापार आणखी एक उपयोग होता. सुटे हवे असतील तर क्रूसाच्या रेघेवर पेनी सरळ कापायची. दोन तुकडे केले की अर्धी, चार केले की पाव. इंग्रजीतला ‘फार्दिंग’ म्हणजे मुळात चौथाईच. आपली ‘पावली’ जशी रुपयाची पाव. आणि अखंड, न मोडलेला रुपया म्हणजे ‘बंदा रुपया’, हा शब्द आजही कौतुकाचा.

यंत्राचं पहिलं पाऊल १५६१ सालचं. एलॉय मेस्ट्रेल नावाचा फ्रेंच कारागीर लंडनच्या टॉवरमध्ये घोड्यांच्या बळावर चालणारं यंत्र घेऊन आला आणि पहिल्या एलिझाबेथ राणीसाठी देखणी, अगदी गोल नाणी पाडू लागला. टाकसाळीतले हातोडेवाले चिडले. पोटावर पाय येणार होता त्यांच्या. यंत्र हातोड्यापेक्षा मंद चालतं, असं दाखवून त्यांनी त्याला १५७२ मध्ये बाहेर काढलं. पुढे हाच मेस्ट्रेल खोटी नाणी पाडताना सापडला आणि १५७८ मध्ये फासावर गेला. त्याच्या यंत्राचे सिक्सपेन्स आज संग्राहक जिवापाड जपतात.

यंत्र कायमचं आलं ते दुसऱ्या चार्ल्सच्या वेळी, १६६२ मध्ये. मोठ्या नाण्यांच्या कडेवर लॅटिन अक्षरं आली, ‘डेकस एट टुटामेन’. अर्थ: शोभा आणि रक्षण. कड कातरली की अक्षर तुटणार, चोरी उघडी पडणार. रुपयाच्या कडेवरचे कंगोरे त्याच युक्तीचे वारसदार. तुमच्या नखाला जे लागतं ते नक्षीकाम नाही, तो पहारेकरी आहे.

तरी जुनी हातोड्याची नाणी चालूच होती आणि कातरून कातरून त्यांची दशा झाली होती. शेवटी १६९६ मध्ये ती सगळी गोळा करून वितळवायचं ठरलं, आणि टाकसाळीत देखरेखीला माणूस आणला तो कोण? आयझॅक न्यूटन! गुरुत्वाकर्षणवाला तोच. लोकांना वाटलं मानाची नोकरी आहे, विद्वान माणूस पगार घेईल आणि स्वस्थ बसेल. न्यूटन हात धुऊन खोट्या नाणेवाल्यांच्या मागे लागला, साक्षीपुरावे जमवत बसला आणि विल्यम चॅलोनर नावाच्या बड्या बनावट नाणेवाल्याला त्यानं १६९९ मध्ये फाशीपर्यंत पोचवलं. मरेपर्यंत, म्हणजे १७२७ पर्यंत, तो टाकसाळीतच होता.

गिन्नी कुठली, पुतळी कुठली?

गिन्नी हा शब्द आपल्या बायकांच्या तोंडी इतका रुळलाय की तो परका वाटतच नाही. १६६३ मध्ये इंग्लंडनं यंत्रावर पाडलेलं सोन्याचं नवं नाणं म्हणजे ‘गिनी’. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरचं सोनं त्यात वापरलं, म्हणून हे नाव. तिथून ती आपल्या गळ्यात आली. आणि पुतळ्यांची माळ? व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवर उभा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख अशा आकृती असायच्या. आपल्या माणसांना त्या पुतळ्या दिसल्या, म्हणून नाणं झालं ‘पुतळी’. नाणं चलनातून गेलं, दागिना राहिला.

इंग्रजी अक्षरांचा, पण मुंबईचा

मुंबई बेट कंपनीच्या हाती आल्यावर दुसऱ्या चार्ल्सनं १६७६ मध्ये तिथं नाणी पाडायची सनद दिली. त्यातून १६७७ चा रुपया निघाला, इंग्रजी अक्षरांत ‘द रुपी ऑफ बॉम्बेम’ लिहिलेला. म्हणजे इंग्लंडात यंत्र सुरू झालेलं, आणि त्याच राजाच्या नावाचा रुपया मुंबईत अजून हातोड्याखाली! देशातल्या बाजारानं त्याला फारशी दाद दिली नाही. फारसी अक्षरं नसलेल्या रुपयावर सराफ विश्वास कसा ठेवणार? कंपनीनं धडा घेतला आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं तीसुद्धा बादशहाच्या नावानंच रुपये पाडत राहिली. आज तो १६७७ चा रुपया दुर्मिळातला दुर्मिळ.

कळ आली, तोळा ठरला

मुंबईची आजची टाकसाळ १८२९ ची. वाफेवरची यंत्रं इंग्लंडहून जहाजानं आली. मग १८३५ मध्ये कंपनीनं सगळ्या मुलखासाठी एकच रुपया केला. चौथ्या विल्यमचं तोंड, वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी.

आता हे वजन पुन्हा वाचा. ११.६६ ग्रॅम. सराफ आजही तोळा म्हणतो तो जुन्या हिशेबानं एवढाच! सरकारी तोळा रुपयाच्याच वजनावर ठरवला गेला. एक रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. वजन-माप घरात नसेल तर तागडीत रुपये टाकायचे. ‘रुपयाभार’ हा शब्द जुन्या औषधांच्या कृतींत वारंवार भेटतो तो यामुळेच. सौंसरच्या काट्यावर आजीबाईंचे अकरा कलदार चढवले तेव्हा एकेक साडेअकराच्या आसपास भरला. शंभरेक वर्षांची झीज धरूनही एवढा इमानदार!

नागपूरचे तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. छिंदवाड्यासकट हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. नकाशे इतक्या वेळा बदलले, पण पोळ्याचं तोरण, तान्ह्या पोळ्याचा बोजारा आणि पेटीतले रुपये तिथंच आहेत.

साल खरं नव्हे!

राणीच्या रुपयावर १८४० लिहिलंय म्हणून तो १८४० चा, असं समजू नका. तेच साल कोरलेले रुपये जवळपास वीस वर्षं पाडले गेले. नागपूर खालसा झालं तेव्हा टाकसाळीतून निघणाऱ्या कोऱ्या रुपयावरही १८४० च होतं. मग १८६२ आलं आणि तेही पुढे बारा वर्षं तसंच राहिलं. मुंबईच्या टाकसाळीनं मात्र पाठीमागच्या बाजूला बारीक टिंबं घालून खऱ्या वर्षाची नोंद ठेवली. भिंग घ्या आणि १८६२ च्या रुपयावर टिंबं मोजा. रविवारची दुपार कधी सरली ते कळणार नाही.

१८७७ पासून अक्षरं बदलतात, ‘राणी’ची ‘सम्राज्ञी’ होते. तोंडाची दिशाही बघत चला. विल्यम उजवीकडे पाहतो, व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. नवा राजा उलट दिशेला बघणार, ही सतराव्या शतकापासूनची इंग्रजी रीत. पण सहावा जॉर्जही डावीकडेच! कारण मधे आठवा एडवर्ड उजवीकडे होता असं धरलं. वर्षभरातच गादी सोडलेल्या त्या राजाचा रुपया आपल्याकडे निघालाच नाही. एडवर्ड सातवा ओळखायचा तर डोकं बघा, मुकुट नाही.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया सापडला तर जपून ठेवा. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात संताप झाला, सरकारनं रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली.

पहिल्या महायुद्धात चांदी इतकी टंचाईची झाली की ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. कागदावर विश्वास बसावा म्हणून नोटेवर चांदीच्या रुपयाचं चित्र छापलं. तरी गावोगाव लोक नाणीच मागत राहिले. शेवटी अमेरिकेनं १९१८ मध्ये कायदा करून आपले २५ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, आणि ती चांदी मुख्यतः हिंदुस्थानच्या रुपयांसाठी आली. तेव्हा १९१८ ते १९२० चा रुपया हातात असेल, तर तो आधी अमेरिकेचा डॉलर असण्याची चांगलीच शक्यता आहे.

१९४० पासून चांदी निम्मी झाली. या रुपयांच्या कडेवर कंगोऱ्यांच्या मधून एक खाच फिरते, ती खोट्या रुपयांना अडवायला. १९४७ मध्ये तर निकेलचा वाघ आला आणि चांदी चलनातून गेलीच. म्हणजे चांदी किती, हेसुद्धा कडच सांगते.

घासू नका, डागू नका

पूजेआधी चिंच, राख किंवा पावडर लावून रुपये चकचकीत करायची आपली सवय. भक्तीच्या दृष्टीनं ठीक, नाण्याच्या दृष्टीनं घात. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली करडी-निळी छटा हेच जुन्या नाण्याचं रूप. ती घासली की अक्षरांची धारही जाते. पूजेला दोन झिजलेले रुपये वेगळे काढा आणि चांगले तसेच राहू द्या. कडी डागलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी निम्म्याहून उतरतं, पण माळ म्हणून तिची गोष्ट वेगळी. ती मोडू नका.

जत्रेत, फुटपाथवर स्वस्तात मिळणारा ‘राणीछाप’ बहुधा ओतीव असतो. तिथंही कडच चुगली करते. दोन साच्यांच्या सांध्याची रेघ, कानशीनं घासल्याचे ओरखडे, कंगोरे कुठे दाट, कुठे विरळ. वजन ११.६६ च्या बरंच खाली-वर गेलं की नमस्कार करून पुढे चला.

शेतात नांगराला मडकं लागलं आणि नाणी निघाली तर ती मोडीत घालणं गुन्हा आहे. १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचा गुप्त ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय परदेशात नेता येत नाही, हा १९७२ चा कायदा. अमेरिकेतल्या भाच्याला आठवण म्हणून देण्याआधी हे ध्यानात ठेवा.

अभ्यास करायचा तर नागपूरचा अजबबंगला आपल्याला जवळ. १८६३ पासूनचं ते संग्रहालय, आणि नाणी तिथं आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० ची. मुंबईला रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय. एकदा मुलांना घेऊन जाच.

त्या आजीबाईंनी अकरा कलदार दिले. बारावा त्यांनी परत मागून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. सराफानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘कलदाराच्या आधीचा, हातानं ठोकलेला, आजीच्या सासूच्या माळेतला.’ तुमच्या पेटीतल्या रुपयांबरोबरही यंदा अशी एक चिठ्ठी ठेवा. कुणाचा, कुठून आला, कुणी दिला. आणि तोरड्यांसाठी चांदी हवी असेल तर नवी घ्या. गोल नसलेला, कंगोरे नसलेला तो एक रुपया मुशीत टाकू नका.